सुपारी कुठं चालली

निवृत्त नर्स वेणूताईंना आयुष्यभराची पुंजी घालून घर घ्यायचं होतं. माजी सरपंच दाजीसाहेबांचं घर आवडलं, पण "आधी इंजिनिअरकडून तपासून घेते," म्हणताच दाजीसाहेबांचा पारा चढला.

"माझ्या शब्दावर गाव चालतं. या घरात लक्ष्मी आपल्या पायांनी येते. ही घ्या सुपारी, सौदा पक्का."

वेणूताईंनी ती सुपारी उंबऱ्याच्या आत फरशीवर ठेवली. सुपारी घरंगळत स्वयंपाकघर ओलांडून थेट मागच्या दारातून बाहेर पडली.

"लक्ष्मी येते खरी," वेणूताई शांतपणे म्हणाल्या, "पण थांबत नाही, दाजीसाहेब."

मग इंजिनिअर आला आणि मागचा पाया खचल्याचं सांगून गेला. पुंजी वाचली म्हणून वेणूताईंच्या जिवात जीव आला. सुपारीपाठोपाठ त्याही निघाल्या, पण पुढच्या दारानं.