नदीची दोन घरं

फार फार मागे, आपल्या पणज्यांच्याही पणज्या जन्माला यायच्या होत्या तेव्हा, एका डोंगरात दोन वाड्या होत्या. एक वरची, एक खालची. मधे एकच झरा. उन्हाळ्यात झरा करंगळीएवढा व्हायचा, आणि मग प्रश्न एकच. आधी कुणाची गुरं पाण्यावर जाणार?

पूर्वी हे कुऱ्हाडींनी ठरायचं. किती माणसं गेली, विचारू नका. शेवटी कुणा शहाण्याने एक खेळ आणला. देवळापुढच्या मोठ्या शिळेवर चुन्याने पट काढायचा. वरच्या वाडीचा वाघ, खालच्या वाडीची सुसर, आणि सहा कवड्या. जो जिंकेल त्याची गुरं आधी. तेव्हापासून रक्त सांडलं नव्हतं.

पट काढायचा मान एकाच घराण्याचा. पटवाला दरवर्षी शिळेभोवती कांबळ्याचा पडदा बांधायचा आणि आत बसून एकट्याने पट काढायचा. कुणी डोकावायचं नाही, असा रिवाजच होता.

आताचा पटवाला मनाने चांगला माणूस. त्याची एकुलती लेक खालच्या वाडीत दिलेली, पण म्हणून त्याने कधी डावं-उजवं केलं नाही. त्याला दिसत होतं की सलग तीन वर्षं सुसरच जिंकते आहे. पटावर नदीची अकरा घरं, आणि एवढ्या लांब नदीत सुसर कुठूनही वर येऊन वाघाला धरायची. वरच्या वाडीत गुरं तडफडून मेली होती. तिथली माणसं आता खेळाला येताना हसत नव्हती. त्यांच्या त्या गप्प राहण्याचं त्याला भय वाटायचं.

म्हणून त्या वर्षी पडद्याआड बसून त्याने नदीची दोन घरं कमी केली. अकराची नऊ.

सांगावं का, असं त्याच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण तो स्वतःशीच म्हणाला, "सांगितलं तर दिवसभर भांडतील. दोन घरं, कोण मोजतंय!"

पडदा बाजूला सारला, खेळ झाला. वाघ जिंकला. वरच्या वाडीने आरोळी ठोकली. तेवढ्यात खालच्या वाडीची एक मेंढकीण पुढे आली. सासऱ्याने तिला चुलीतल्या राखेत पट काढून खेळ शिकवला होता, पट तिच्या बोटांत बसला होता. ती वाकली आणि बोट ठेवत नदीची घरं मोजू लागली.

"नऊ," ती म्हणाली. मग पुन्हा मोजलं. "नऊच आहेत, लोकहो."

आरोळी थांबली.

"आणखी काय काय बदललंय रे?" कुणीतरी विचारलं. "कवड्या तरी त्याच आहेत का?"

खरी गंमत पुढेच आहे, आणि ती हसण्यासारखी नाही. जिंकलेली माणसंही घाबरली. वरच्या वाडीतली एक म्हातारी पटवाल्याच्या तोंडावर म्हणाली, "आज त्यांच्या सुसरीची नदी तोडलीस, उद्या आमचा वाघ लंगडा करशील. गेली तीन वर्षं आम्ही हरलो, ते तरी खरं हरलो का रे, मेल्या?"

पटवाला पडदा पुन्हा ओढून त्याआड शिरला आणि शिळेला पाठ लावून बसून राहिला. बाहेर पावलं पांगली. थोड्या वेळाने दोन्हीकडून एकच आवाज यायला लागला. खर्र. खर्र. दगडावर लोखंड घासल्याचा.

मग पडद्यापलीकडून लेकीचा आवाज आला.

"आबा, बाहेर या. आमचे हे कुऱ्हाडीला धार लावतायत. विचारलं, कुणासाठी? तर म्हणाले, ठाऊक नाही. आबा, ज्याला ठाऊक नाही तो कुणालाही मारेल हो!"

पटवाला उठला. देवळाची घंटा त्याने इतकी बडवली की दोन्ही वाड्या धावत आल्या, हातात कुऱ्हाडी तशाच.

"दोन घरं मी कमी केली," तो म्हणाला. "कवड्या त्याच. वाघ तोच. गेल्या तिन्ही वर्षी नदीची अकराच घरं होती. वरच्यांची गुरं मरत होती, आणि नदी लांब होती. म्हणून केलं. तुम्हांला विचारलं नाही, कारण तुमच्या भांडणाला भ्यालो."

खालच्या वाडीचा कारभारी पुढे आला. "दोन घरं आम्ही सोसली असती. शिव्या देऊन सोसली असती. पण आता तू दोन म्हणतोस, ते तरी दोनच कशावरून?"

पटवाल्याने मान खाली घातली.

मेंढकीणच म्हणाली, "पडदा काढा. आणि तू आमच्यासमोर काढ पट."

कांबळं खाली आलं. पटवाला भर उन्हात ओणवा बसला. प्रत्येक रेघ ओढायच्या आधी मोठ्याने सांगू लागला, ही का, ती का. भांडण झालं, चांगलं दुपारभर झालं. कुणी अकरा म्हणे, कुणी आठ. कारभाऱ्याने त्याला दोनदा गाढव म्हटलं. त्याने ऐकून घेतलं. शेवटी नदीची दहा घरं ठरली. दोन्ही वाड्यांनी आधी चार डाव नुसते खेळून बघितले आणि मगच खरा डाव मांडला.

खालची वाडी हरली. एका घराने हरली.

लेकीने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. कारभाऱ्याने वाकून नदीची घरं बोटाने पुन्हा मोजली.

"दहाच होती," तो म्हणाला. "मीच मोजली." आणि त्याने आपली गुरं मागे वळवली.

पटवाल्याने मात्र पुन्हा कधी एकट्याने पट काढला नाही. दोन्ही वाड्यांचा एकेक माणूस त्याच्या खांद्याशी उभा राहून रेघा मोजायचा, तो मरेपर्यंत.

म्हणून ध्यानात ठेवा: खेळ राखणाऱ्याने नियम जरूर बदलावा, पण काय बदललं आणि का बदललं ते खेळणाऱ्यांना आधी तोंडावर सांगावं, कारण लपवून केलेल्या भल्याचीही माणसाला भीतीच वाटते.