कासारांचा बोळ आणि महाराजांचा हत्ती

“हा बोळ उद्याच्या उद्या पाडा!” धैर्यशील महाराज गरजले.

झालं होतं असं, की महाराजांचा नवा हत्ती कासारांच्या बोळात अडकला. पुढे जाईना, मागे सरेना! शेवटी केळ्यांचे घड दाखवून त्याला बाहेर काढावं लागलं. सारं भीमकुंड गाव हसलं आणि तेच महाराजांना झोंबलं.

बोळ कसला, चार ओटे, बांगड्यांच्या माळा आणि टोकाला गौराईचं देऊळ! घरं जाणार म्हणून बायका रडायला लागल्या. धोंडप्पा कासाराच्या लेकीनं, मथुरेनं मात्र गौराईपुढे दिवा लावला आणि थेट दरबार गाठला.

“महाराज, बोळ पाडू नका. फार जुना आहे तो!”

“जुना? माझ्या घराण्याहून जुनं या गावात काही नाही!” महाराजांनी मिशीला पीळ दिला. “असेल तर सिद्ध कर, बोळ राहील. पण कागद नको, शिलालेख नको. साक्षीदार असा आण, ज्याला खोटं म्हणायची माझी छाती होणार नाही!”

“पोरी, असा माणूस अजून जन्मायचाय!” प्रधानजी खुसखुसले.

“जन्मलाय की! आत्ताच बोलतं करते त्याला. पण आधी सांगा महाराज, राणीसाहेबांनी लग्नाचा हिरवा चुडा कुठे भरला?”

“तुमच्याच बोळात.”

“मग कासारालाच राजवाड्यावर का नाही बोलावलं?”

“छे छे! आमच्या घरची रीत आहे ती! नवी सून मेण्यातून उतरते, पायी बोळात जाते, चुडा भरते आणि मगच आमचं माप ओलांडते.”

“कधीपासून?”

“अगदी पहिल्या राणीपासून! आजवर एकीनंही रीत मोडली नाही!”

“म्हणजे पहिल्या राणीनं माप ओलांडायच्या आधीच आमच्या बोळात बांगड्या भरल्या जात होत्या. आणि राणी घरात येण्याआधी घराणं कसलं, महाराज?”

महाराज ताडकन उठले. “पण साक्षीदार कुठाय?”

मथुरेनं वाकून मुजरा केला. “आत्ताच बोलला की! म्हणा त्याला खोटं!”

तेवढ्यात चिकाच्या पडद्याआड राणीसाहेबांचा चुडा किणकिणला. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या! मग महाराजही पोट धरून हसले.

“हरलो, पोरी! बोळाचा एक दगड हलणार नाही. आणि तुझ्या लग्नाला मेणा राजवाड्यातून येईल!”

“आणि हत्ती, महाराज?” माहुतानं भीत भीत विचारलं.

“त्याला बोळात शिरायचंच असेल,” महाराज डोळे पुशीत म्हणाले, “तर त्यानंही आधी चुडा भरावा!”