न मोजलेली लाकडं

“तिथं चूल कशावर पेटवायची?”

हा प्रश्न धाकट्या भावानं विचारला होता. त्याचं उत्तर त्याला कोणीच दिलं नाही.

गोष्ट फार जुनी आहे. त्या काळच्या राजांची नावंही आता कोणाला आठवत नाहीत. दाट रानात, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथून सहा दिवसांच्या वाटेवर, दगडी तटाच्या आत, विद्यानगरी होती. गावातून तिथं शिकायला आजवर कोणी गेलं नव्हतं. पहिला निघाला तो आबांचा थोरला मुलगा.

आबा हिशोबाला पक्के. गावात लग्न असो की पंगत, किती तांदूळ रांधायचा हे आबांनी सांगायचं आणि गावानं ऐकायचं. त्या दिवशीही गावातले चार जाणते पारावर बसले आणि आबांनी मोजायला सुरुवात केली.

“दहा महिने. रोजचा अर्धा शेर तांदूळ. म्हणजे पावणेचार मण. चार मण भरू. खोलीच्या भाड्याची दहा नाणी, शाई आणि पोथ्यांची दोन. झालं.”

तेव्हा धाकट्यानं तो प्रश्न विचारला.

एक जाणता हसला. “याला विद्यानगरीत रान पाहिजे म्हणे. अरे, तुझं डोकं ठेव चुलीत, भुसा तरी जळेल.”

“म्हणून तर पंतोजींनी दोन महिन्यांत घरी धाडला याला,” दुसरा म्हणाला.

सगळे हसले. आबाही हसले. धाकटा रागानं उठून निघून गेला. तो तसाच होता. आधी उठायचा, मग विचार करायचा.

पण त्या माणसांना हसू का आलं, तेही समजून घ्या. त्या गावात लाकूड पायाखाली पडलेलं असे. पाणी झऱ्याला होतं, पत्रावळी झाडाला होत्या. या गोष्टींना कोणी कधी पैसा दिला नव्हता. ज्याला पैसा पडत नाही तेही मोजायचं असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

गावाची एक रीत होती. कोणी दूर निघालं की प्रत्येक घरातून एक एक मूठ तांदूळ त्याच्या पोत्यात पडे. उरलेलं पोतं आईबाप भरत. मग निघणारा पोत्यावर हात ठेवून शब्द देई, की हे धान्य मी खाईन, देईन, पण विकणार नाही. थोरल्यानं तसा शब्द दिला. बैलांच्या पाठीवर पोती लादली आणि तो गेला.

पाच-सहा महिन्यांनी एका वाटसरूबरोबर त्याचा निरोप आला. “मी खुशाल आहे. अभ्यास चांगला चालला आहे. तांदूळ अर्ध्याहून जास्त उरला आहे.”

आबांनी तो निरोप चार घरी जाऊन सांगितला. “पोरगा काटकसरी निघाला. पुढच्या वर्षी तीन मण पुरे.”

धाकट्याचं मन मात्र त्या निरोपाशी घुटमळत राहिलं. दादाची भूक त्याला माहीत होती. लहानपणी एका ताटात जेवताना त्यानं ती पाहिली होती. दोन महिने त्यानं वाट पाहिली. मग एका सकाळी, गुरं सोडायला म्हणून घराबाहेर पडला आणि थेट विद्यानगरीच्या वाटेला लागला.

सातव्या दिवशी त्याला दादाची खोली सापडली. दादा चटईवर पडला होता. गालांची हाडं वर आली होती आणि अंगात ताप होता. भिंतीला पोती उभी होती. त्यात अडीच मण तांदूळ शिल्लक होता. चूल झाडून ठेवल्यासारखी स्वच्छ होती. तिच्यात राखसुद्धा नव्हती.

“कधी आलास?” थोरला म्हणाला. “गुरं कोणाकडे दिलीस?”

“गुरं मरू देत. दादा, हे काय?”

“इथं लाकूड विकत घ्यावं लागतं रे. पाणीसुद्धा. मोळीला तीन पैसे, ती पाच दिवस पुरते. पाण्याच्या घागरीला अर्धा पैसा. पोथ्यांची नाणी त्यातच गेली. तीन महिने चाललं.”

“आणि मग?”

“मग पाणी नदीवरून आणायला लागलो. तांदूळ भिजवून खाल्ला. तो पोटात राहत नाही.”

“बरोबरची पोरं काय करत होती? त्यांच्या चुलीवर शिजवायचंस.”

“त्यांना सांगितलं होतं, शिजलेलं न खाण्याचं माझं व्रत आहे.” थोरला थोडं हसला. “त्यातले दोघं माझ्या पाया पडतात.”

“मग तांदूळ विकायचास ना, दादा.”

“शब्द दिला होता.”

“घरी कळवायचंस.”

थोरल्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. “आबांनी पारावर बसून, सगळ्यांसमोर मोजलं होतं. ते चुकले असं कसं कळवू?”

धाकटा ताडकन उठला. रस्त्याच्या टोकाला एक म्हातारी मोळ्या विकत बसली होती. त्यानं न विचारता एक मोळी उचलली आणि चालू लागला. म्हातारीनं त्याचा सदरा धरला.

“पैसे?”

“माझा भाऊ मरतोय तुझ्या तीन पैशांपायी.”

म्हातारीनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. “कोपऱ्यावरच्या खोलीतला? त्याचा भाऊ होय तू. ने. पण ऐकून जा. पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं होतं, पोरा, उठल्यापासून निजेपर्यंत इथं काय काय लागतं ते आधी मोज. मण तांदूळ विकलास तर वर्षाची लाकडं येतील. तो म्हणाला, माझ्या वडलांनी सगळं मोजलंय.”

धाकट्यानं चूल पेटवली. पेज केली. थोरल्यानं चार घोट घेतले आणि “ऊन आहे” एवढंच म्हणाला. वैद्य आले. त्यांनी नाडी धरली, पोत्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला गेला.

आता दहनाला लाकडं हवी होती. धाकट्याच्या कमरेला एक पैसा नव्हता. त्यानं मणाचं एक पोतं पाठीवर घेतलं, बाजारात नेलं आणि विकलं. सगळ्या गावाची मूठ त्यात होती. जो शब्द भावानं मरेपर्यंत मोडला नाही, तो त्यानं मोडला. आलेले सगळे पैसे त्यानं म्हातारीच्या पुढ्यात ओतले. वर्षभर चूल पेटली असती एवढी लाकडं त्या दुपारी एकदम जळाली.

धाकटा गावाकडे निघाला तेव्हा वैद्य म्हणाले, “घरी सांग, ताप आला होता. तेही खोटं नाही.”

सहा दिवस धाकटा मनात आबांशी भांडत चालला. काय काय बोलायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं. त्यातला एकही शब्द मऊ नव्हता. पण तो अंगणात एकटा उभा राहिला तेव्हा आई त्याच्यामागे रस्त्याकडे पाहत राहिली आणि आबांना सगळं समजलं. त्यांनी विचारलं ते इतकंच.

“तांदूळ कमी पडला का रे?”

ठरवलेलं भांडण धाकट्यानं तिथंच सोडलं.

“नाही, आबा. तांदूळ खूप होता. लाकूड नव्हतं. तिथं ते विकत मिळतं. दादानं कोणाला सांगितलं नाही.” मग त्यानं तेही सांगितलं, जे कोणी विचारलं नव्हतं. “मी मूठ विकली. त्याला जाळायला.”

आई खाली बसली. आबा उभेच राहिले. त्या दिवसानंतर ते पारावर गेले नाहीत. पंगतीचा तांदूळ कोणी विचारायला आलं तर ते म्हणत, “मला मोजता येत नाही.”

पुढच्या वर्षी कोष्ट्याची मुलगी विद्यानगरीला जायला निघाली. जाणते जमले, पण मोजायला कोणी पुढे होईना. कोष्टी म्हणाला, “नको. पोर घरीच राहू दे.” मुलगी आईच्या मागे उभी राहून रडत होती.

धाकटा उठला आणि घरी गेला. आबा ओसरीवर बसले होते.

“चला,” तो म्हणाला.

“माझ्या मोजण्यानं तुझा भाऊ गेला.”

“अर्धं मोजलंत म्हणून गेला. त्या पोरीचं पुरं मोजा.”

“मला तिथलं काय ठाऊक?”

“मला आहे. मला मोजता येत नाही, तुम्हाला येतं. मी सांगतो, तुम्ही मांडा.”

त्यानं वडलांचा हात धरून त्यांना पारापर्यंत आणलं. सगळा गाव पाहत होता आणि कोणी हसलं नाही. मग धाकटा उजाडल्यापासून सांगत गेला. तोंड धुवायचं पाणी. चुलीचं लाकूड. दिव्याचं तेल. आजारी पडली तर वैद्याचं औषध. आबा एक एक खडा ठेवत गेले. एकही खडा चुकला नाही. शेवटी आबा म्हणाले, “दोन मण तांदूळ हिनं विकायचा. गावानं तशी मुभा द्यावी. आणि महिन्याला निरोप धाडायचा, काय कमी पडलं त्याचा. खुशालीचा नको.”

गावानं मुभा दिली. मुलगी गेली, शिकली आणि धडधाकट परत आली. त्यानंतर त्या गावातून गेलेलं एकही मूल उपाशी राहिलं नाही.

मोजणी झाली त्या संध्याकाळी पार रिकामा झाला तरी आबा खड्यांसमोर बसून होते. धाकटा त्यांच्या शेजारी बसला. आबांना रडायचं होतं, आणि ते रडून होईपर्यंत तो तिथून हलला नाही. आबांसाठी त्यानं केलेलं हे शेवटचं काम. दुसऱ्या दिवशी तो कोष्ट्याच्या मुलीची पोती घेऊन विद्यानगरीला गेला आणि गावच्या मुलांची चूल विझू नये म्हणून तिथंच मोळ्या वाहत राहिला.

बोध असा: परगावी राहण्याचा खर्च घरच्या सवयीनं मोजू नये, तिथल्या एका दिवसानं मोजावा, आणि तो कमी पडला तर लाज न धरता त्याच दिवशी घरी कळवावं.