अधिक महिन्याची गाठ

फार मागे, गोदावरीकाठच्या अस्सक देशात जयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व भद्रक या नावाने तिथल्या बंदिशाळेचा अधिकारी होता. बंदिशाळा नगराबाहेर, नदीला लागून होती. तिच्या दाराशी हरितक नावाचा म्हातारा बसे. ही गोष्ट खरं म्हणजे त्याचीच. बोधिसत्त्वाला तिच्यात फारसं बोलावं लागलंच नाही.

हरितक होता दोरपाल. त्या देशाची रीत अशी की, ज्याला जितक्या पौर्णिमांची शिक्षा, तितक्या गाठी मारलेली एक सुती दोरी त्याच्या नावाने दाराशी खुंटीला टांगायची. दर पौर्णिमेला दोरपालाने स्नान करून प्रत्येक दोरीची एकेक गाठ सोडायची. शेवटची गाठ सुटली की माणूस सुटला. हरितकाचा बाप हेच काम करी, आजाही हेच. चाळीस वर्षांत हरितकाने कुणाची गाठ एक दिवस आधी सोडली नव्हती. याचा त्याला अभिमान होता, आणि अभिमान लपवून ठेवणाऱ्यांतला तो नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे.

बंदिवानांत पिंगल नावाचा एक नावाडी होता. घाटावरच्या अधिकाऱ्याशी त्याचं भांडण झालं आणि त्याने त्या गृहस्थाला पागोट्यासकट नदीत ढकललं. बारा पौर्णिमांची शिक्षा झाली. शिक्षा रास्त होती, असं पिंगल स्वतःच म्हणे. "पण वर आला तेव्हा त्याचं तोंड बघायला हवं होतं!" असंही म्हणे. मोठा हसरा माणूस. त्याला एकच लेक, उत्पला, आईवाचून वाढवलेली. बाप कधी सुटणार ते मोजून तिने लग्न निज वैशाख शुद्ध पंचमीला धरलं होतं.

त्या वर्षी वैशाख दोन आले होते, आधी अधिक आणि मग निज. अधिक वैशाखाची पौर्णिमा उजाडली. पिंगलच्या दोरीला एकच गाठ उरली होती. तो पहाटेपासून घोंगडीची घडी घालून बसला. हरितक दारात आला तो स्नान न करताच.

"पिंगल, घोंगडी पसर बाबा परत."

"का हो?"

"अधिक महिना आहे. अधिकात मंगल कार्य करत नाहीत. आणि माणसाची गाठ सोडण्यापरतं मंगल दुसरं काय? निज वैशाखाच्या पौर्णिमेला सोडीन."

"अहो, त्याच्या आधी दहा दिवस माझ्या लेकीचं लग्न आहे!"

"त्याला मी काय करणार?"

"वर्षभर झरोक्यातून चंद्र बघतोय मी, दोरपाल! बारा झाले, बारा!" पिंगल ओरडला, आणि मग हा हसरा माणूस भुईवर बसून ढसाढसा रडायला लागला.

आवाज ऐकून बोधिसत्त्व अंगणात आला. आतला उंबरठा त्याने ओलांडला नाही, कारण राजाच्या आजोबांनी घालून दिलेला नियम होता की, आपल्या नावाची दोरी खुंटीला असल्यावाचून त्या उंबरठ्याच्या आत कुणी जायचं नाही, मग तो कुणीही असो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हरितककाका, अधिक महिन्यात तुम्ही जेवता का?"

"हे काय विचारणं झालं? जावई येतो, अनारसे होतात. चार घास जास्तच जातात."

"आणि हा पिंगल कुठं असतो अधिक महिन्यात?"

"शास्त्रात अधिक महिना धरत नाहीत," हरितक पुटपुटला.

"शास्त्रात नसतील धरत, काका. कोठडीत धरावाच लागतो."

पण राजमुद्रेशिवाय रीत मोडता येत नव्हती. बोधिसत्त्व राजाकडे गेला. जयसेन मनाचा चांगला, पण डोक्याने तापट. तो म्हणाला, "एका महिन्याने काय आभाळ कोसळतंय? आपणच चुकलो म्हणून सांगत सुटलो, तर लोक आपल्याला विचारतील का?"

"महाराज, आपलाच कायदा सांगतो की, जो दुसऱ्याला अन्यायाने कोंडील, त्याने तितके दिवस स्वतः कोंडून घ्यावं. तीन वर्षं मी तिथे अधिकारी आहे. माझ्या देखत मागचा अधिक महिना असाच लोकांच्या माथी गेला, आणि मला तो दिसलासुद्धा नाही. मी आत जातो."

"जा तर मग!" राजा म्हणाला. त्याला वाटलं, हा रुसून घरी जाईल.

बोधिसत्त्वाने सरळ येऊन किल्ल्या हरितकाच्या हातात दिल्या, एक गाठ मारलेली दोरी खुंटीला लावायला लावली आणि पिंगलशेजारी जाऊन बसला.

हरितकाचं काही खरं राहिलं नाही. घास तोंडात फिरायला लागला. आपल्या चाळीस वर्षांत अधिक महिने आले किती, ते तो बोटांवर मोजी. चौदा येत. परत मोजले तरी चौदाच. शिवाय बापाचे वेगळे, आज्याचे वेगळे. आपण एक दिवस आधी कुणाला सोडलं नाही हे खरं, पण उशिरा किती जणांना सोडलं? हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं. म्हाताऱ्याला फार फार लाज वाटली.

चौथ्या दिवशी राजाला राहवेना. भर दुपारी घोड्यावर बसून तो आला. "कुठाय तो भद्रक?" म्हणत, कुणाकडे न बघता अंगण ओलांडून तरातरा आतल्या उंबरठ्यापलीकडे गेला.

हरितकाने उठून अडसर घातला, एक दोरी काढली आणि तिला गाठ मारली.

"अरे, हे काय? दार उघड!"

"महाराजांच्या आजोबांचा नियम आहे. दोरीवाचून जो आत गेला, त्याच्या नावाने एक गाठ."

"मग सोड ती गाठ! आत्ताच्या आत्ता!"

"अधिक महिना चालू आहे, महाराज. अधिकात गाठ सोडत नाहीत." हरितकाने दोरी हातातच धरून ठेवली. "पण महाराजांनी काळजी करू नये. हा महिना आम्ही धरतच नाही. तेव्हा महाराज आत आहेत, असंही आम्ही धरत नाही."

पिंगलला हसू फुटलं, आणि एकेका कोठडीतून खसखस पिकली. बाहेरचे शिपाई एकमेकांकडे बघू लागले. आजोबांचा नियम पाळायचा की नातवाचं ऐकायचं, हे कुणालाच ठरवता येईना. राजा ओरडला, दारावर मुठी आपटल्या, आणि दमून भिंतीला टेकला. भिंत तव्यासारखी तापली होती. माठातलं पाणी कोमट होतं. जेवायला पेज आली, तिच्यात तांदूळ शोधावा लागत होता.

"किती वेळ झाला रे?" त्याने पिंगलला विचारलं.

"इथं आल्यावर पहिल्यांदा सगळे हेच विचारतात, महाराज. अजून अर्धा प्रहरही झाला नाही."

राजाने पेजेचं भांडं बाजूला सारलं. तो म्हणाला, "आणि तुला अख्खा महिना जास्त."

"महिन्याचं काही नाही, महाराज. पण पंचमीला लेक बोहल्यावर उभी राहील, आणि माझी जागा रिकामी असेल."

राजाने बोधिसत्त्वाकडे पाहिलं. तो पेजेतला तांदूळ शोधून खात होता. मग राजा उठला आणि दाराच्या गजांतून हात घालून त्याने हरितकाच्या हातातली आपली दोरी ओढून घेतली. स्वतःच्या बोटांनी गाठ सोडली. एकाएकी तो मोठ्याने हसला.

"बघ रे म्हाताऱ्या, अधिकात गाठ सुटली! कोसळलं का आभाळ?"

हरितकाने खरंच वर पाहिलं. "नाही, महाराज."

"मग सोड सगळ्यांच्या. एकेक, आज!"

म्हातारा रडत होता आणि गाठी सोडत होता. सर्वांत आधी त्याने पिंगलची सोडली. त्या दिवशी सात माणसं घरी गेली. राजाने नगरात दवंडी पिटवली की, चूक राज्याची होती, बंदिवानांची नव्हे. यापुढे अधिकातही गाठ सोडावी, दोरी बंदिवानाला दिसेल अशी टांगावी आणि गाठ सोडताना त्याच्या घरचं माणूस हजर असावं. शिवाय दर अधिक महिन्यात राजाने एक दिवस आत येऊन तीच पेज खावी. पेज दुसऱ्या दिवसापासूनच घट्ट झाली, हे सांगायला नकोच!

"आता तू तरी बाहेर चल," राजा बोधिसत्त्वाला म्हणाला.

"माझी गाठ पौर्णिमेची आहे, महाराज. इतरांना मोकळं करून माझे दिवस फिटत नाहीत."

पंचमीला वऱ्हाड नावांतून निघालं. पहिल्या नावेत पिंगल नवं पागोटं बांधून उभा होता. घाटावरच्या त्या अधिकाऱ्यालाही त्याने आग्रहाने बोलावलं होतं. तो मात्र नावेच्या बरोबर मध्यभागी, काठापासून जपून बसला होता. बंदिशाळेपाशी उत्पलाने नाव थांबवायला लावली. झरोक्याखाली उभी राहून ती आतल्या बोधिसत्त्वाला म्हणाली, "काका, अक्षता टाका. तुम्ही टाकल्याशिवाय मी पुढे जायची नाही." हरितकाने ओंजळभर अक्षता गजांतून बोधिसत्त्वाला दिल्या, आणि त्या झरोक्यातून नवरीच्या डोक्यावर पडल्या.

दहा दिवसांनी, निज पौर्णिमेच्या सकाळी, हरितक स्नान करून आला आणि त्याने बोधिसत्त्वाची गाठ सोडली. एक दिवस आधी नाही, आणि एक दिवस उशिराही नाही.

जेतवनात ही कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा जयसेन म्हणजे आताचा आनंद. उत्पला ती उत्पलवर्णा. हसरा पिंगल म्हणजे, मला घरी चला म्हणून गळ घालणारा कालुदायी. नियमाचा पक्का हरितक म्हणजे आपला उपाली." सगळे भिक्षू उपालीकडे वळून हसले, आणि उपालीही हसला. "आणि भद्रक मीच होतो. दुसऱ्याचे दिवस ज्याच्या हाती असतात, त्याने ते स्वतःच्या आयुष्यातले समजून मोजावेत. त्या जन्मी स्वतःची चूक न लपवता मी सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परम साधना, पाळली, ती अशी."