रिबकाबाईंचा प्रश्न

“मग मी खोटं बोलायला हवं होतं का, बुवा?”

शांतवनबुवा चर्चच्या पायरीवर शेंगा फोडत बसले होते. नगरकडच्या गावोगावी ख्रिस्ती कीर्तनं करण्यात त्यांची हयात गेली होती. समोर उभा होता गावाचा नवा पाळक, अनुग्रह उजागरे. उपासना नुकतीच संपली होती. अंगातला पांढरा झगाही त्याने अजून उतरवला नव्हता.

“काय विचारलं होतं रिबकाबाईंनी?”

“बायबलातल्या त्या उधळ्या पुत्राचा बाप, पोरगा घर सोडून गेल्यावर, रोज वाटेकडे डोळे लावून बसायचा का, असं.”

“मग?”

“मी म्हटलं, मूळ ग्रीकमध्ये तसं काही नाही. पोरगा परत येताना अजून दूर होता तेव्हाच बापाने त्याला पाहिलं आणि तो धावत गेला, एवढंच आहे... आणि ते खरंच आहे, बुवा.”

रिबकाबाईंचा मुलगा घरात भांडून सुरतेला गेला, तो गेलाच. अनुग्रहला हे कळलं उत्तर देऊन झाल्यावर. तेव्हापासून बाई उपासनेला फिरकल्या नव्हत्या. त्यांची रिकामी जागा दिसली की वेदीवर त्याची जीभ अडखळायची. धर्मशास्त्राच्या वर्गात पहिला आलेला गडी, पण आपलं नेमकं चुकलं कुठे, हेच त्याला उमगत नव्हतं.

“वचनाचा अर्थ मला सांगता येतो. म्हणजे तुमचा पूर्वरंग येतो. उत्तररंग शिकवा, बुवा. गोष्ट कशी रंगवायची ते सांगा. बाई परत आल्या पाहिजेत.”

“आधी पूर्वरंग तर ऐकू द्या, पाळकसाहेब.”

अनुग्रहला तेवढंच हवं होतं. त्याची कळी खुलली. त्या काळी पोक्त माणूस चारचौघांत धावत नसे, तो सांगू लागला. धावायचं तर झगा वर धरावा लागे, पाय उघडे पडत, गावात हसं होई. तरीही हा बाप...

“पळून दाखवा.”

“काय?”

“तो पळाला तसं. त्या चिंचेपर्यंत.”

हातपंपावर मंडळीतल्या बाया पाणी भरत होत्या. अनुग्रहने त्यांच्याकडे पाहिलं, मग बुवांकडे. ही थट्टा म्हणावी की शिक्षा, त्याला कळेना. बुवा तर खाली मान घालून शेंगा फोडत होते.

शेवटी त्याने झगा गुडघ्यांपर्यंत उचलला आणि पळत सुटला.

एक बाई खुदकन हसली. मग सगळ्याच हसल्या.

चिंचेला हात लावून तो धापा टाकत परत आला. कान लालबुंद झाले होते.

“हसल्या?”

“हसल्या.”

“कसं वाटलं?”

“मेल्याहून मेल्यासारखं.”

बुवांनी पुढची शेंग फोडली.

“यात गोष्ट कुठे आली, बुवा? रिबकाबाईंना मी सांगू काय? मला तर आता माझा पूर्वरंगही कळेनासा झालाय.”

“तुम्ही का पळालात?”

“का म्हणजे... तुम्ही सांगितलंत म्हणून.”

बुवांनी धोतरावरची टरफलं झटकली आणि त्याच्याकडे पाहिलं.

“त्या बापाला कुणी सांगितलं होतं?”