हिमांगीची मोगऱ्याच्या चहाची पेटी

एका राज्यात धवलकीर्ती नावाचा राजा नांदत होता. शिकारीला गेला असता तो वाट चुकला आणि पूर्वेच्या डोंगरावर हिमांगी चेटकिणीच्या दारी आला. तिने एका पेटीतून चिमूटभर पाने काढली आणि चिनी मातीच्या इवल्या पेल्यात मोगऱ्याचा चहा दिला. एका घोटात राजाचा शीण उतरला.

राजा म्हणाला, "चहाची ती पेटी मला दे."

"पेला हवा तितक्या वेळा भरून देईन. पेटी नाही."

राजाने पेटी हिसकावली. हिमांगी शांतपणे म्हणाली, "मग आता सुगंधही तुझ्या राज्यातून गेला."

आणि तो गेला. मोगरा फुलला, शेवंती फुलली, पण वास कशालाच नाही. मधमाश्या राज्य सोडून गेल्या, झाडांना फळ धरेना. राजाने पेटी परत पाठवायचे ठरवले, पण ती जागची हलेना. हत्ती जुंपले, तरी हलेना.

तेव्हा राजकन्या इरावती निघाली. हिमांगीच्या कुंपणावर एक बुलबुल बसला होता.

"मागे फीर," तो म्हणाला. "मी राजपुत्र होतो. तिने मला नुसते गरम पाणी दिले. ती रागावेल म्हणून मी अमृत म्हणालो, तर मला पंख फुटले."

इरावती आत गेली. "माई, पेटी परत करायची आहे. ती जागची हलत नाही."

"तीन कामे कर, हलेल."

पहिले काम कड्यावरची चहाची कोवळी पाने आणण्याचे. कड्यावर वारा राहत असे, तो कोणाला चढू देत नसे. इरावती त्याला म्हणाली, "आमच्या बागा वांझ झाल्या आहेत." वाऱ्याने फांदी खाली वाकवली.

दुसरे काम दुपारच्या उन्हात मोगऱ्याच्या मिटल्या कळ्या खुडण्याचे. कळी हातात उमलली तर बोट दगडाचे होई. तिची दोन बोटे दगडाची झाली. उरलेल्या बोटांनी तिने टोपली भरली.

हिमांगीने पाने सुकवली आणि कळ्यांसोबत थरावर थर लावून ठेवली. सांजेला कळ्या उमलल्या. पाने त्यांचा गंध पीत राहिली. सकाळी कोमेजलेली फुले वेचून टाकली आणि चहा उकळत्या पाण्यात पडला.

"तिसरे काम. पी, आणि कसा आहे ते सांग."

इरावतीने घोट घेतला. तिने पेला पुन्हा हुंगला. एवढे करूनही काहीच नव्हते.

"माई, मला वास येत नाही. गरम पाणी आहे, जरासे तुरट."

कुंपणावरच्या बुलबुलाने डोळे मिटून घेतले.

हिमांगी म्हणाली, "आता दुसरा घोट घे."

दुसऱ्या घोटाला मोगरा आला. आधी नाकात, मग जिभेवर, मग छातीत. पेल्याभोवतीची दगडी बोटे ऊन झाली आणि हलली. बाहेर बुलबुलाच्या जागी एक गोंधळलेला तरुण कुंपणावर तोल सावरीत बसला होता.

तिकडे राज्यात पेटी हलकी झाली. राजाने ती सेवकांकडे दिली नाही. स्वतःच्या डोक्यावर घेऊन तो डोंगर चढला आणि हिमांगीपुढे ठेवली. मागे मधमाश्यांचा एक थवा त्याच्या राज्याकडे उतरत होता.

हिमांगीने पेला भरला. राजा ओणवा झाला, पेल्यातून वर येणारी वाफ त्याने हुंगली, आणि हात मागेच ठेवून विचारले,

"घेऊ?"