वाढणाऱ्याची नजर

‘…मग माझं चुकलं कुठं, अप्पा? तेवढं सांगा, मी निघतो.’

महारुद्र हत्तुरे मघापासून हेच विचारत होता. अप्पा ओसरीवर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

अप्पा म्हणजे आमच्या मठाचे स्वामी. मी मल्लू, मठातला वाढपी. उभा जन्म पंगतीत वाकून गेला, त्यामुळं पाठ वाकडी आणि जीभ तेवढी सरळ राहिली, असं गावातली माणसं म्हणतात. म्हणू देत.

हा महारुद्र पुण्याहून मोठ्या गाडीतनं आला होता. उतरल्या उतरल्या माझ्यासमोर उभा राहिला आणि हसला. ‘ओळखलं नाही, मल्लूकाका?’

मी म्हणालो, नाही बाबा.

‘शाळेची सगळी वर्षं मी इथं जेवलो. तुमच्या हातचं.’

असशील जेवला, मी म्हणालो. त्याला ते लागलं. मोठ्या माणसाला विसरलेलं आवडत नाही, त्यात मी खोटंही बोललो नाही. मला खरंच ओळख लागली नव्हती.

तर हा आता पुण्यात कारखानदार आहे. गरिबाघरच्या पोरांना शिकवतो. फी भरतो, पुस्तकं देतो, राहायला खोली बघून देतो. नुसते पैसे फेकून मोकळा होणाऱ्यातला नाही, हे मी मान्य करीन. दर रविवारी सकाळी एकेका पोराला स्वतः फोन करतो. अभ्यास कुठवर आला, परीक्षेत किती पडले, पुढं काय. एवढं तर सख्खा बाप करत नाही.

त्यातली एक पोरगी होती. गौरा धोत्रे. वडाराची. बाप खाणीवर दगड फोडतो. पोरगी हुशार, इंजिनियरिंगला लागली. तिच्या वस्तीतनं तिथवर पोचलेली ती पहिलीच.

आणि ती कॉलेज सोडून निघून गेली होती.

कुठं गेली, पत्ता नाही. अधनंमधनं बापाला फोन करते, बरी आहे म्हणते, कुठंतरी कामाला लागले म्हणते, एवढंच. या महिन्यात परत येऊन परीक्षेला बसली तर तिचं कॉलेज राहणार. नाहीतर गेलं. महारुद्र त्यासाठीच आला होता. तिचा बाप अप्पांना मानतो. अप्पांनी बापाला सांगावं, बापानं पोरीला सांगावं, पोरीनं यावं. पण हे त्यानं चहा झाल्यावर, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सांगितलं. ताकाला आलेल्यानं भांडं लपवू नये. असो.

‘काय कमी केलं मी तिला?’ महारुद्र म्हणाला. ‘पहिल्या परीक्षेत दोन विषय गेले, ते लपवलं. रविवारी मला सांगितलं, पास झाले. मी खूश. नवीन पोरांसमोर तिला बोलायला उभं केलं. बोललीसुद्धा, अप्पा. अभ्यास कसा करावा यावर बोलली…’

अप्पा शेंगा फोडत राहिले.

‘नंतर कॉलेजातनं कळलं मला. मी रागावलो नाही. एका शब्दानं नाही. फक्त म्हणालो, मला का नाही सांगितलंस? दुसऱ्या दिवशी खोलीची किल्ली शेजारच्या मुलीकडं ठेवून गेली.’

‘हं.’

‘खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.’

‘वासे मोजायला तूच लावत होतास की तिला,’ अप्पा म्हणाले. ‘दर रविवारी.’

महारुद्र खिशातनं फोन काढायला लागला. म्हणाला, तुम्हाला वाटतंय मी तिला धाकात ठेवली. हे बघा, किती मान दिलाय. मोठ्ठा फलक लावला होता आम्ही, चौकात. वर लिहिलं होतं, दगड फोडणाऱ्याच्या लेकीची भरारी. बाप आणि लेक शेजारी शेजारी. बापाच्या हातात हातोडा.

अप्पांनी पहिल्यांदा वर बघितलं. ‘हातोडा त्यानं आपणहून आणला?’

‘मीच आणायला सांगितला होता. फोटो बोलका येतो.’

अप्पांनी फोन घेतला नाही. त्यांनी मला हाक मारली. मल्लू, ह्याला वाढ. इथंच वाढ.

पंगत अजून बसायची होती. पण अप्पांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. मी ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी आणि दही वाढून ताट ओसरीवर ठेवलं. महारुद्र नको नको म्हणाला आणि बसला. मठाच्या भाकरीला नको म्हणणारा मी अजून बघितलेला नाही.

अप्पा उठले आणि त्याच्या समोर मांडी घालून बसले. अगदी जवळ. गुडघ्याला गुडघा लागेल इतके.

महारुद्रनं घास घेतला. अप्पा त्याच्या तोंडाकडं बघत होते.

‘कशी झालीय भाजी?’

‘चांगली आहे, अप्पा.’

दुसरा घास. अप्पांची नजर हलली नाही.

‘चटणी घेतली नाहीस.’

‘घेतो की.’

‘लहानपणी जास्त खायचास. आता कमी का?’

महारुद्र हसला, पण ते हसू काही जमलं नाही. त्यानं चटणी लावून मोठा घास घेतला. भूक असल्यासारखा. अप्पा घास गिळेपर्यंत बघत राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, बघ मल्लू, आपल्या मठाची भाकरी खाऊन हा माणूस कसा झालाय बघ. मीही बघितलं. सांगितल्यावर बघावंच लागतं. तेवढ्यात पाणी भरायला आलेल्या दोन बायका दाराशी थांबल्या, त्यांनाही अप्पांनी बोलावलं. या, बघा, हा आमच्याकडं जेवतो.

महारुद्रचा हात ताटातच थांबला.

‘अप्पा… असं बघू नका.’

‘का?’

‘घास उतरत नाही.’

‘मी प्रेमानं बघतोय.’

महारुद्रचे कान लाल झाले होते. बायका निघून गेल्या. मला त्या क्षणी त्याची कीव आली, गाडीबिडी सगळं विसरून. एवढा मोठा माणूस, आणि पुढ्यातली भाकरी त्याला मोडवेना.

आता इथं एक सांगायला हवं. आमच्या मठात वाढणाऱ्याचा एक रिवाज आहे. डोक्यावरनं उपरणं कपाळापर्यंत ओढून घ्यायचं, ताटाकडं बघायचं, जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नाही. जुन्या काळी मोठा दुष्काळ पडला, तेव्हा चांगली चांगली घरंदाज माणसं इथल्या पंगतीला येऊन बसली. तेव्हाच्या स्वामींनी वाढप्यांना सांगितलं, मान खाली. उद्या बाजारात एखादा भेटला तर हा आपल्याकडं जेवला होता, हे तुम्हाला ठाऊकच नसलं पाहिजे. तेव्हापासून हे असंच चाललंय. मला माझ्या पंगतीतली माणसं ताटावरच्या हातांनी ठाऊक असतात. तोंडं बायकोनं विचारली तरी सांगता येणार नाहीत.

महारुद्र याच रिवाजात लहानाचा मोठा झाला. आणि विसरला. बाकी कुणी विसरलं असतं तर मी काही म्हणालो नसतो.

त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला. मग हळू म्हणाला, ‘तिच्या बापाला हातोडा आणायला सांगितला मी…’

अप्पा जरा मागं सरकून बसले.

‘धुतलेला शर्ट घालून आला होता तो. हातोडा पिशवीत घालून आणलेला. मीच म्हणालो, पिशवीतनं काढा…’

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, संपलं. अप्पांनी जे दाखवायचं ते दाखवलं, आता हा पाया पडेल, शरणु म्हणेल आणि जाईल. अशा गोष्टी इथंच संपतात. ही संपली नाही.

महारुद्रनं डावीकडं ठेवलेला फोन उचलला आणि तो फलकाचा फोटो अप्पांपुढं धरला. का, कोण जाणे. कदाचित ते पाप अप्पांनी बघावं असं त्याला वाटलं असेल.

अप्पांनी बघितलं. पोरीनं दोन्ही हातांनी प्रशस्तिपत्राची चौकट धरली होती. अप्पा तोंडाकडं बघत नव्हते. खाली बघत होते, बोटांकडं. डाव्या अंगठ्याचं नख लहानपणी कधीतरी हातोड्याखाली सापडून फुटलेलं, मग वाकडं उगवलेलं.

त्यांनी फोन माझ्याकडं केला. मी अंगठा बघितला आणि लगेच ओळखला.

‘मल्लू?’

मी नुसती मान हलवली.

‘हा हात इथं जेवलाय,’ अप्पा म्हणाले.

महारुद्र उठून उभा राहिला. ‘कधी?’

श्रावण संपता संपता, मी सांगितलं. पाठीवर पिशवी होती. पंगतीला शेवटच्या जागेवर बसायची, डाव्या हातानं ताटाची कड धरून जेवायची. बरेच दिवस होती. अंगण झाडायची, दाणे निवडायची. कुणाशी बोलायची नाही. आम्हीही विचारलं नाही, कोण, कुठली. मठात तसं विचारत नाहीत.

‘तिला मीच सांगितलं होतं मठाचं,’ महारुद्र म्हणाला. ‘म्हणालो होतो, कुठं काही नसलं तर तिथं जा, तिथं कुणी काही विचारत नाही…’

‘नाही विचारलं,’ अप्पा म्हणाले.

‘एकदाही?’

‘एकदाही नाही.’

महारुद्रचा आवाज चढला. आमच्या मठात अप्पांपुढं आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला. तो म्हणाला, पोरगी घरदार सोडून येते, दिवसच्या दिवस गप्प बसते, आणि तुम्हाला कळत नाही काहीतरी झालंय? रिवाज म्हणजे काय आंधळेपणा? मला रागच यायला हवा होता त्याचा. आला नाही. त्याचं खरं होतं.

अप्पांनी ते सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही हात वर केला नाही.

मग ते सांगायला लागले. मलाही ते ठाऊक नव्हतं.

निघायच्या दिवशी पोरगी सकाळी त्यांच्या खोलीच्या दाराशी आली होती. अप्पा पोथी वाचत होते. उंबऱ्यापाशी तिचे पाय दिसत होते. आत आली नाही, बाहेर गेली नाही. बराच वेळ उभी. अप्पांनी ओळखलं, हिला काहीतरी सांगायचंय. त्यांच्या मनात आलं, मान वर करावी, ये बस म्हणावं. मग वाटलं, विचारलं तर तिला सांगावं लागेल. उगाच भीड पडेल. सांगायचं असेल तर आपण होऊन सांगेल. म्हणून ते वाचत राहिले.

‘एक ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो,’ अप्पा म्हणाले. ‘पुढं जाताच येईना.’

‘मग?’

‘तिनं उंबऱ्याला हात लावला, नमस्कार केला. गेली.’

…

ताटातली भाकरी वाळत होती. आत पंगतीची पानं मांडायची वेळ झाली होती, पण मला उठवेना. अप्पांनी आयुष्यात कितीक पोरं शिकवली, मार्गाला लावली. त्यातल्या एकाचंही नाव ते घेत नाहीत, म्हणून लोक त्यांना थोर म्हणतात. त्या दिवशी ते मला नुसते म्हातारे दिसले. वाईट वाटलं. अजून वाटतं.

महारुद्र खाली बसला. त्याचा राग गेला होता. त्यानं हळूच विचारलं, बापाशी ती फोनवर बोलते, बापाकडं निरोप देऊ का? परीक्षेचं नको सांगायला. माझं चुकलं, एवढं सांगतो. की तेही नको?

अप्पा टरफलं एका जागी लोटायला लागले.

‘बाकीची पोरं आहेत माझ्याकडं, अप्पा. परवा रविवार आहे. फोन करू की नको? बघू की नको? तुम्ही सांगाल तसं करतो.’

अप्पांनी फोडलेल्या शेंगांची टरफलं ओंजळीत गोळा केली. ती कुठं टाकायची हे विसरल्यासारखे ते तशीच धरून बसले.

‘फोन कर,’ ते म्हणाले. ‘जेवलास का विचार. आणि ती पोरगी… ती आता जिथं असेल, तिथला वाढणारा आपल्या दोघांसारखा नसावा, एवढंच माग.’